पट्टीची दोन टोकं

कामशेतची खिंड उतरले आणि गाडीच्या डाव्या अंगाला काहीतरी खरडायला लागलं. आधी वाटलं, टायर गेला. तेवढ्यात शेजारून पुढे जाणाऱ्या ट्रकचा क्लीनर दारातून अर्धा बाहेर लोंबकळला आणि ओरडला, "ओ बाई, गाडीचा पदर सुटलाय!"

ट्रकमधलं हसू बराच वेळ मागे रेंगाळलं. मी गाडी कडेला घेतली, उतरले. दाराच्या खालून जाणारी लांबलचक पट्टी एका टोकाला कशीबशी अडकून होती आणि दुसरं टोक डांबरावर लोळत होतं.

चौऱ्याहत्तर साल. राखी पौर्णिमेचा शनिवार. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं तुडुंब, वर लख्ख ऊन, आणि त्या उन्हातूनच बारीक भुरभुर चालू. मी सव्वीस वर्षांची होते, लोणावळ्याला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते, आणि दादाला राखी बांधायला तळेगावला निघाले होते. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अठ्ठावन्न सालची करडी फियाट. अण्णा तळेगावचे डॉक्टर. शेवटची चार वर्षं त्यांना नीट दिसत नव्हतं, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या पेशंटांकडे मीच त्यांना घेऊन जायची. वारण्याच्या आधी सहा महिने त्यांनी गाडी माझ्या नावावर करून दिली. घरात ते कुणालाच रुचलं नाही. मूळच्या चकचकीत पट्ट्या पूर्वीच पुण्यात कुणीतरी उपटून नेल्या होत्या. त्यांच्या जागी अण्णांनी चंदेरी रंगाच्या प्लास्टिकच्या बसवून घेतल्या होत्या. त्यातलीच ही एक.

मी वेणीची रिबीन सोडली. पट्टीला गुंडाळली आणि दाराच्या कडीला गाठ मारायला लागले.

"असं बांधून टिकायचं न्हाई, बाई."

मागे वळले. एकजण सायकलवर, एक पाय जमिनीला टेकवून उभा. पायजमा घोट्यापर्यंत दुमडलेला, कॅरिअरवर काकड्यांचं गाठोडं, मनगटावर भलीमोठी गुलाबी राखी.

"मी विचारलं का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय न्हाई. बांधा तुमी." त्याने सायकल मैलाच्या दगडाला टेकवली, दगडावर बसला आणि काकडी खायला लागला.

"इथेच बसायला हवं का?"

"रस्ता सरकारी हाय."

मी रागारागाने गाठ आवळली. गाडीत बसले, चालू केली, निघाले... वीस पावलं गेले असेन. पुन्हा तेच, खर्र खर्र. आरशात पाहिलं तर तो शांतपणे उठला होता आणि सायकल हातात धरून चालत येत होता. हसत नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

"हसा ना!"

"कशाला? रिबीन चांगली हुती. वाया गेली."

...आणि मीच हसले.

तो दारापाशी उकिडवा बसला. बोटं पत्र्यावरून अशी फिरवली, जसे अण्णा एखाद्या तापलेल्या मुलाच्या पोटावरून फिरवायचे. "हे बगा. आत पत्र्याचे चाप हायती, त्यांच्यावर पट्टी बसती. चाप जुन्या पट्टीच्या मापाचे, आन् ह्या पट्टीची खाच मोठी. ढिली बसनारच. त्यात निम्मे चाप गंजून पडल्याले." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "करू का? का अजून रिबिनी हायती?"

"करा," मी म्हटलं. "पण मीही करणार. नुसती बघत उभी राहणार नाही."

"बरं झालं. येकट्याचं काम न्हाईच हे."

त्याने पंक्चरची डबी उघडली. जुन्या ट्यूबचे बारीक तुकडे कापले आणि एकेका चापावर चढवले, म्हणजे पट्टीची खाच घट्ट बसेल. दोन्ही टोकांना चापच उरले नव्हते, तिथे सोल्युशन लावायचं होतं. आधी पत्रा घासायचा, मग कोरडा पुसायचा. कोरडं असं त्या हवेत काहीच नव्हतं. फडक्यासाठी मी पर्स उचकली, तशी आतली राखी खाली पडली.

त्याचा हात थांबला. "ती... कुनासाठी?"

"भावासाठी. का?"

"काय न्हाई." तो पुन्हा पत्रा घासायला लागला. "भ्यालो जरा. सकाळीच बहिनीकडनं बांधून आलोय. येक बहीन पुरं हाय मला."

माझे कान गरम झाले. फडकं सापडेना, तेव्हा मी पदराच्या टोकानेच पत्रा पुसला.

"साडी खराब व्हईल."

"होऊ दे. पदर सुटल्याची दवंडी तर पिटून झालीच आहे."

आता तो हसला. पुढच्या दोन दातांमध्ये बारीकशी फट होती. ती मी पाहायला नको होती.

"आता धरायची," तो म्हणाला. "तुमी फुडचं टोक, मी मागचं. हवा वली हाय. अर्धा तास सोडायची न्हाई."

आम्ही बसलो. मी पुढच्या चाकाशी, तो मागच्या. मध्ये दोन दारं, आणि दोन्ही दारांवरून गेलेली ती एक पट्टी. खाचरांतून बेडकांचा आवाज येत होता, आणि भिजलेल्या रबराचा उग्र वास.

"नाव काय तुमचं?"

"हौशीराम." तो थांबला. "हसा. समदी हसत्यात."

"नाही हसले."

"आतल्या आत हसलाव. पट्टी हालली हिकडं."

मग कळलं, तो परंदवडीचा. आठवी झाल्यावर औंधला जाऊन फिटरचं शिकला, आता तळेगावजवळच्या कारखान्यात होता. "ही डॉक्टरांची गाडी न्हवं?" त्याने विचारलं. "आमच्या गावात यायची. मागनं आमी पोरं पळायचो, धूळ खात. मग कवातरी पाहिलं, गाडी येक मुलगी चालवतीया. तवापास्नं पळायचं सोडलं."

"का?"

"मोठा झाल्तो ना. नुसतं बगायचो."

बोटं दुखत होती आणि मला ती हलवायची नव्हती.

तेवढ्यात तळेगावची एसटी आली. खिडकीत नंदाबाई, आमच्या शेजारच्या. त्यांनी गाडी पाहिली, मला पाहिलं, हौशीरामला पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं ते एसटी वळणाआड जाईपर्यंत.

"तुमच्या वळखीच्या?"

"तळेगावच्याच."

"मंग सोडा पट्टी. जावा तुमी. माझं मी बगतो."

"अर्धा तास झाला?"

त्याने मनगट वळवून घड्याळ पाहिलं. राखी बाजूला सारावी लागली. "न्हाई. यकवीस मिन्टं."

"मग नाही सोडत," मी म्हणाले. "नंदाबाईंना काय सांगायचं ते सांगू देत."

तो मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मी मुद्दाम समोरच्या खाचराकडे पाहत होते... पण कुणी आपल्याकडे कसं पाहतंय, ते न बघताही कळतं.

तळेगावला पोहोचले तेव्हा नंदाबाई आमच्या ओसरीवरून नुकत्याच उतरत होत्या.

दादा, म्हणजे चिंतामणी, वडगावच्या कोर्टात वकील. पाटावर बसला, मी ओवाळलं, राखी बांधली. ओवाळणी म्हणून त्याने तबकात नोटेऐवजी एक कागद ठेवला. गाडीच्या विक्रीचा.

"गिऱ्हाईक ठरलंय, अरू. सही कर. पुण्याहून स्थळ आलंय, मुलगा सरकारी अधिकारी आहे. त्यांना मोटार हाकत हिंडणारी मुलगी नको आहे."

"मोटार हाकणाऱ्या मुलीलाही ते नकोत, असं कळव त्यांना."

"रस्त्यात कुणाबरोबर बसली होतीस?"

"पट्टी धरून बसले होते. त्याचं नाव हौशीराम. परंदवडीचा आहे, फिटर आहे. आणखी काय सांगू?"

चंद्रिकावहिनी दाराआड उभी होती. तिच्या हातातली वाटी खाली पडली. मी कागद उचलला, दोनदा घडी घातला आणि दादाच्या खिशात परत ठेवला.

पंधरवड्याने रविवारी सकाळी शाळेच्या आवारात सायकलची घंटा वाजली. मी शाळेच्याच खोल्यांत राहत होते. खाली आले तर हौशीराम घामाने निथळत होता.

"परंदवडीहून सायकलवर?"

"चढ लय हाय वो तुमच्या लोनावळ्याला." त्याने खिशातून काड्यापेटी काढली. आत कानशीने घासून गुळगुळीत केलेले नवे चाप. "भंगारातला पत्रा हाय. सायबाला इचारून घेतला. अकरा हायती."

"अकराच का?"

"त्या दिवशी तितके कमी हुते. उजव्या अंगाचे पन मोजले हुते जाताना." तो गाडीकडे वळला. "आज तुमी बसवायचे. मी नुसतं सांगनार. दर बारीला मी कुटं येनार?"

"आणि शिकले, की मग तुमची वाट बघायची नाही?"

तो गडबडला. सगळे चाप पायाशी सांडले. दोघंही वेचायला वाकलो, आणि वरच्या गॅलरीतून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला, "अरुंधतीबाई! ही मुलींची शाळा आहे."

"हो बाई," मी म्हटलं. गाडी चालू केली, फाटकाबाहेर काढली आणि शाळेसमोरच्या हमरस्त्यावर, पानाच्या दुकानापुढे उभी केली. मग पदर खोचून खाली बसले. सगळं लोणावळा चिक्की घ्यायला त्याच रस्त्याने जातं. त्या दिवशी बऱ्याच जणांना चिक्कीचा विसर पडला. वसतिगृहाच्या खिडक्यांत वेण्याच वेण्या. हौशीराम सांगत होता, "अंगठ्यानं दाबा. न्हाई, असं न्हाई..." आणि अंगठा दाखवायला पुढे आलेला त्याचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर थांबायचा. दर वेळी. शेवटच्या चापाला मीच तो धरला आणि पट्टीवर ठेवला.

"बाई... लोक बगत्यात."

"बाई म्हणू नका. तुम्ही काही माझे विद्यार्थी नाही."

"मंग काय म्हनू?"

"घरी जाताना विचार करा. उतार आहे, वेळ भरपूर मिळेल."

त्या वर्षी भाद्रपद दोन आले होते, आणि मला दोन्ही पुरले नाहीत. दर रविवारी तो यायचा. कधी काचेभोवतीचं रबर, कधी नंबराची पाटी, कधी चाकाची टोपी. गाडीचं एकही अंग ढिलं राहिलं नाही, तरी आम्हाला काही ना काही सापडायचं. तो मला अजून काहीच म्हणत नव्हता. 'बाई' सोडलं होतं आणि दुसरं त्याच्या ओठांवर येत नव्हतं, म्हणून "अवं", "हे बगा", "ऐकलं का" असं करत तो दुपार काढायचा. मला ती तिन्ही नावं आवडायला लागली होती.

आश्विन लागला आणि तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी फाटकाशी उभी राहिले, संध्याकाळी वर गेले, वह्या तपासल्या. एकाच मुलीला दोनदा गुण दिले.

त्यानंतरच्या शनिवारी तळेगावला गेले. दादा पेपर वाचत होता. पेपराआडूनच बोलला, "त्या परंदवडीच्या माणसाला भेटून आलो मी. कारखान्याच्या फाटकावर. तुझ्या शाळेत तक्रार गेली तर नोकरी जाईल, एवढंच सांगितलं. समजूतदार निघाला. पुन्हा येणार नाही म्हणाला."

मी चप्पल काढली नव्हती. तशीच मागे फिरले.

सोमाटण्याच्या फाट्यावरून आत वळले. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि रस्ता म्हणजे नुसती बैलगाडीची चाकोरी. अंगणात त्याची आई, कस्तुराबाई, सुपात वाल पाखडत बसली होती. गाडीचा आवाज ऐकून हौशीराम घरातून धावतच बाहेर आला. माझ्याकडे न बघता आधी गाडीभोवती फिरला. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, वाकून पाहिलं.

"कुटली सुटली?"

"कुठलीच नाही."

"मंग?"

"काहीही सुटलेलं नाही. काहीही ढिलं नाही. मी तुमच्याकडे आलेय."

तो उभा राहिला. हातांना ग्रीस होतं, ते पायजम्याला पुसत राहिला... "तुमची नोकरी जाईल."

"नोकरी माझी आहे. ती सांभाळायला मी दादाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. मला न विचारता तुम्ही दोघांनी फाटकावर माझा निकाल लावलात!"

"मी आठवी पास. जात येगळी—"

"माहीत आहे. दोन्ही माहीत आहे. तुम्हाला मी हवी की नको, तेवढंच माहीत नाही. ते सांगा, म्हणजे मी जाते."

सुपाचा आवाज थांबला होता. कोंबड्या तेवढ्या चालत होत्या.

"त्या दिवशी," तो खाली बघत म्हणाला, "खिंडीपाशी... पंधरा मिन्टांत चिकटली हुती पट्टी."

"काय?"

"सोल्युशनला धा मिन्टं पुरत्यात. वली हवा धरली तर पंधरा. मी अर्धा तास सांगितला." त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते आणि ती दातांतली फट दिसत होती. "अजून सांगितला असता. पर तुमची बोटं दुखली असती... अरुंधती."

ते नाव त्याने इतक्या जपून उच्चारलं, की मला क्षणभर ते माझं वाटलंच नाही. मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. त्याऐवजी मी त्याचा ग्रीसचा हात धरला आणि सोडला नाही.

"मी भैरी न्हाई," कस्तुराबाई म्हणाली.

आम्ही दोघंही दचकलो. तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "सैपाक येतो?"

"येतो. चांगला येत नाही."

"भात कापाया?"

"नाही."

"ह्ये धूड चालवाया?"

"ते येतं."

"मंग बाकीचं हौश्या शिकवील." ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "पर येक सांगते. उद्या लोक म्हंतील, कस्तुरीच्या पोरानं डॉक्टराची लेक पळवली. ते मी ऐकून घ्यायची न्हाई. मागनी घालायची. रीतीनं."

ती आत गेली आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन बाहेर आली. सरळ पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसली. हौशीराम मुकाट्याने मागे.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"तुज्या भावाकडं. अजून कुटं?"

दादा ओसरीवरच होता. आम्हाला तिघांना पाहून त्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. कुंपणापलीकडे नंदाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या रिकामा झाला तरी घालत राहिल्या.

"भाऊ," कस्तुराबाई म्हणाली, "तुमची बहीन माज्या पोरासाटी मागाया आलेय."

"बाई, आपली पायरी ओळखून बोलावं माणसानं."

"पायरीवरच हुबी हाय की. वर या म्हनलं न्हाई तुमी."

कोर्टात असं कुणी दादाला बोलत नसणार. तो माझ्याकडे वळला. "अरू, माझी परवानगी नाही."

"त्या मागणी घालायला आल्यात, दादा. परवानगी कुणी मागितली नाही. मी सव्वीस वर्षांची आहे. सही करता येते मला; फक्त तुझ्या कागदावर करायची नव्हती."

"मग या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस!"

कस्तुराबाईने नारळ पुढे धरला होता. दादाने हात मागे घेतले. नारळ तसाच हवेत. तिने हात खाली घेतला नाही. तेवढ्यात चंद्रिकावहिनी दादाच्या बाजूने पुढे आली, पायरी उतरली आणि पदर पसरून तो नारळ तिने पदरात घेतला.

"चंद्रिका!"

"दाराशी आलेला नारळ परत पाठवू नये," वहिनी म्हणाली. "अण्णांनीही पाठवला नसता." आणि ती आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि दादाच्या देखत तिने कस्तुराबाईला दिलं.

लग्न आम्ही मार्गशीर्षात केलं. दादा आला नाही. वहिनी आली, एकटी, एसटीने. शाळेत तक्रारीचं पत्र गेलं होतं म्हणे. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं, ते वाचून दाखवलं, "अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या आणि फाडून टाकलं. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी, पाणी पिऊन आम्ही परत गाडीत बसलो तेव्हा माझ्याकडून गिअरच पडेना. मागून हौशीराम हळूच म्हणाला, "सावकाश. घाई न्हाई कुनाला."

मला सरळ हमरस्त्याला लागायचं होतं, कुणाच्या नजरेला न पडता. मी तिकडे वळवायला लागले, तशी कस्तुराबाईने माझ्या कोपराला हात लावला.

"हिकडनं कुटं? बाजारातनं घे."

"आई, शनिवारचा बाजार हाय," हौशीराम म्हणाला. "समदा गाव तितंच आसंल."

"ठाव हाय." तिने लुगड्याचा पदर डोक्यावर नीट घेतला आणि ताठ बसली. "पोरी, हळू हाक. आन् माज्या अंगाची ती काच खाली कर."